उसनी भूल

मुलगी उठते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि मधलं काहीच धड वाचून होत नाही. भिंगरी ठणठणीत उठते आणि दुसऱ्या दिवशी टोस्टच्या कडा तेवढ्या कुरतडून मधला भाग ताटलीत ठेवते, नेहमीसारखी. प्रश्न एवढाच, की ती उठते कशी. आणि डोळे उघडल्यावर समोर बसलेल्या बाईला काय म्हणते.

समोर बसलेली बाई म्हणजे तिची आई.

आई गाडी चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकाऊ मंडळी तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई, आणि तिला दोन्ही चालतं. पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुका पायाने थांबवल्यामुळे तिच्या उजव्या पायाला खोडच लागलीय. सिनेमात कुणी घसरलं, दूध उतू जायला आलं, नवऱ्याने पाहुण्यांसमोर नको तो विषय काढला, की पाय जमीन दाबतो.

"दाब, दाब," नवरा म्हणतो. "मी थांबणाऱ्यातला नाही."

आता मागे जाऊ. फार नाही, दीड वर्ष.

भिंगरीचा डावा डोळा नाकाकडे ओढायचा. हे सगळ्यांत आधी आप्पांच्या लक्षात आलं. आप्पा म्हणजे आईचे वडील. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नंबर सांगतील अशी त्यांची ख्याती. दुकान बंद झालं, आप्पा मुलीकडे राहायला आले आणि हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. आधी रस्ते, मग नावं, मग माणसं. घरात याला एकच शब्द होता. आप्पांना भूल पडते. आज जास्त पडलीय. आज कमी आहे.

तर भिंगरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम. उठणं मात्र

उठणं मात्र असं झालं, की आत बोलावलं तेव्हा ती पलंगाच्या कठड्यावर डोकं आपटत होती. डोळ्यावरची पट्टी तिने ओढून काढली होती. डोळे उघडे होते आणि त्यांत कुणीच नव्हतं. आईने तिला उचलून घट्ट धरलं, तर एक लाथ अशी बसली की ओठ फुटला. आणि भिंगरी सगळा दवाखाना गोळा होईल अशा आवाजात ओरडत होती, "तू नको! तू नको! मला आई पाहिजे!"

हे आईलाच.

काही मुलांना होतं असं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. शरीर आधी जागं होतं, मन मागून येतं. थोड्या वेळाने शांत होईल, तिला काही आठवणारही नाही. खरंच तसं झालं. भिंगरी शांत झाली, तिला काही आठवलं नाही. आठवायचं सगळं काम आईच्या वाट्याला आलं.

त्यात घरी परत आल्यावर दार उघडलं आप्पांनी. त्यांनी मुलीच्या फुटक्या ओठाकडे पाहिलं, अदबीने बाजूला सरकले आणि म्हणाले, "बरं झालं, आलात. बसा. आपण कोण?"

एकाच दिवशी बापाने ओळखलं नाही आणि लेकीनेही नाही. माणसाने आरशात बघून खात्री करायची का मग?

*

डोळ्याची ओढ थोडी उरली होती. दुसरं ऑपरेशन ठरलं. आईने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि टेबलाखाली तिचा पाय जमिनीवर इतका दाबला गेला, की डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही पडलं का?"

"नाही. उठायचं कोण बघणार?"

"उठायचं?"

"झोपवाल तुम्ही. ते जमतं सगळ्यांना. उठायचं कोण बघतं?"

म्हणून आई आणि भिंगरी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. खोली लहान, भिंतीवर एक जुना पंखा आणि टेबलावर एक मऊ प्लॅस्टिकचा मुखवटा, नाकातोंडावर बसेल एवढाच. डॉक्टर आईपेक्षा वयाने मोठ्या, आवाज बसल्यासारखा. दारावर पाटी: भूलतज्ज्ञ.

"हसू नका," त्या म्हणाल्या, कारण आई पाटीकडे बघत होती. "माझी आई सगळ्या नातेवाइकांना सांगायची, आमची मुलगी भूलचूक करण्यात तज्ज्ञ झालीय. लहानपणापासूनच होती म्हणे." मग भिंगरीकडे वळून, "आणि तुम्ही? स्टुलावरून खाली न पडता फिरताय, शाबास. हे बघ, त्या दिवशी मी तुला थोडीशी भूल देणार, मग"

स्टूल थांबलं.

"नको."

"दुखत नाही हं त्यात."

"मला नको भूल!" भिंगरी खाली उतरून आईच्या मागे गेली. "मला नको! मी मग सगळ्यांना 'आलात' म्हणेन!"

डॉक्टरांना काही कळलं नाही. आईला कळलं, आणि ती चटकन खुर्चीत बसली. घरात दिवसातून दहा वेळा वापरला जाणारा शब्द. पोरीने काय समजावं? मोठी माणसं तिला झोपवणार, आणि उठेल ती आजोबांसारखी होऊन उठेल, आईबापाला पाहुणे समजणारी. मागच्या वेळीही कुणीतरी हाच शब्द वापरला असेल. हा धसका घेऊन ही मुलगी झोपली असेल आणि ते कुणाच्या गावीही नसेल.

आईने आप्पांबद्दल सांगितलं, थोडक्यात.

डॉक्टरांनी आपलं स्टूल खाली केलं, म्हणजे आईच्या मागून डोकावणारा एक डोळा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आला.

"चूक झाली माझी. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे, आणि मी ते तुला सांगितलंच नाही. आजोबांना पडलीय ती भूल त्यांची स्वतःची. मी देते ती उसनी."

"उसनी?"

"शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात ना, तशी. ठेवून घ्यायची नसते. परत घेतल्याशिवाय मी घरीच जात नाही."

"वाटीने घेता?"

"या मुखवट्याने देते. परत घेताना काही लागत नाही, मी शेजारी बसून थेंबाथेंबाने घेते. सगळी."

"एखादा थेंब राहिला तर?"

"तर मीही राहते. दवाखान्यातच. माझा नवरा फोन करकरून थकतो."

भिंगरीने यावर विचार केला. मग बाहेर येऊन तिने मुखवट्याचा वास घेतला आणि म्हणाली, "याला बुटांचा वास येतोय."

"संत्र्याचा लावू."

"बरं."

मग डॉक्टर आईकडे वळल्या आणि आवाज तसाच ठेवून सांगत गेल्या. घाबरून झोपलेलं मूल घाबरूनच उठण्याची शक्यता जास्त. म्हणून झोपेपर्यंत तुम्ही आत थांबा. दुखण्याचं औषध आधीच देईन, जाग येण्याच्या आत. आणि शेवटी आणखी एक औषध थोडंसं देते, म्हणजे ती झोपेतून एकदम वर फेकली जात नाही, हळूहळू तरंगत येते.

"क्लच," आई म्हणाली.

"काय?"

"क्लच झटक्यात सोडला की गाडी उडी मारते आणि बंद पडते. शिकाऊ लोकांना वाटतं इंजिन खराब आहे."

"अगदी तेच. आधी लोक इंजिनलाच दोष द्यायचे. पोरगी हट्टी आहे, लाडावलेली आहे." डॉक्टर हसल्या. "पण हमी मागू नका. सगळं नीट करूनही एखादं मूल उडी मारतंच. तसं झालं तर लागू नये एवढं बघायचं आणि थांबायचं. ते जातं. आता मला सांगा, मागच्या वेळी तुम्ही आत आलात तेव्हा काय केलंत?"

"उचलून घेतलं."

"आणि काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कुठलीही आई म्हणेल तेच. अगं बघ कोण आलंय, डोळे उघड, बघ माझ्याकडे, सांग बघू मी"

तिने वाक्य तोडलं. पण ते भिंगरीने पूर्ण ऐकलं होतं, न बोललेलंही.

"असं विचारायचं नसतं!" ती ठणकावून म्हणाली. "आमच्या घरात असं विचारायचं नसतं. दारावर लिहिलंय."

*

दारावर खरंच लिहिलं होतं. ही पाटी भिंगरीच्या बाबांनी केलेली, ठळक अक्षरांत: 'सांगा बघू मी कोण' असं आजोबांना विचारणाऱ्यास चहा मिळणार नाही.

कारण जो येई तो हेच विचारी. काका, मामेभाऊ, दुकानाचे जुने शेजारी, सगळे आप्पांसमोर जाऊन उभे राहायचे, चेहरा पुढे करायचे आणि लाडात यायचे. काय आप्पा, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण? आणि आप्पा, ज्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही, कावरेबावरे होऊन हात चोळत बसायचे. अभ्यास न करता परीक्षेला बसवलेल्या मुलासारखे. कधी चिडायचे. एकदा तर काठी उगारली होती.

सकाळी उठवताना सगळ्यांत वाईट. पहिल्या पहिल्यांदा आईने त्यांना खांदा हलवून उठवलं आणि चापट खाल्ली. मग ती शिकत गेली. पडदा अर्धाच उघडायचा. हात लावायचा नाही. त्यांना दिसेल असं बसायचं, आणि चष्मा त्यांच्या हातात द्यायचा, कारण चष्मा हातात आला की त्यांचं निम्मं जग जागेवर येतं. मग वाट बघायची. त्यांनी पाहिलं की आधी आपलं नाव सांगायचं, मग नातं. विचारायचं काहीच नाही.

हे काम पुढे भिंगरीकडे गेलं, कारण तिच्या आवाजाला ते घाबरत नसत. एरवी एका जागी न टिकणारी ही पोर सकाळी आजोबांच्या पलंगाशेजारी मांडी घालून बसते आणि रोज तेच म्हणते, "आजोबा, मी भिंगरी. तुमची नात. सकाळ झालीय. घाई नाही."

आणि आप्पा रोज म्हणतात, "बरं झालं, आलात. बसा."

ही सगळी रीत आईने स्वतः बसवली होती. पाहुण्यांचे चहा तिनेच बंद केले होते. आणि लेकीच्या पलंगापाशी जाऊन तिने काय विचारलं? डॉक्टरांच्या खोलीतून घरी येताना गाडी नवऱ्याने चालवली, आणि वाटेत त्याने एक सिग्नल जवळजवळ तोडला, तरी आईचा पाय हलला नाही.

*

"हॅलो. हो ताई, भिंगरीचं ऑपरेशन उद्याच. ... नाही, नवसबिवस काही नाही, डॉक्टरांनी मुखवटा घरी दिलाय सवयीला. ... अगं सगळ्यांना लावून झाला. बाबांना लावला, बाहुलीला लावला, वीजबिलवाल्याला लावला. ... तो काय म्हणणार, संत्र्याचा वास आहे म्हणाला. ... आप्पांना पण लावला! ... घाबरले नाहीत, उलट. ती म्हणाली, ही उसनी आहे हं आजोबा. तर ते म्हणतात, परत कधी द्यायची? ती म्हणाली, उठल्यावर. तर म्हणतात, मग उठलो की आठवण करा. ... हो ना. मी स्वयंपाकघरात जाऊन आले जरा. ... नाही, रडले नाही, कांदा होता. ... नाही ताई, तू नको येऊस. तू येशील आणि आल्या आल्या तिला विचारशील ... हेच! हेच विचारशील! ठेवते."

*

सकाळी भिंगरी स्वतःच्या पायांनी आत गेली. मुखवटा तिने स्वतः धरला. आईला शेजारी उभं केलं होतं, डोक्यावर कागदी टोपी, त्यामुळे ती स्वयंपाकी दिसत होती आणि भिंगरीने तसं सांगितलं.

"परत घ्याल ना?" तिने मुखवट्यातून विचारलं.

"शेवटच्या थेंबापर्यंत," डॉक्टर म्हणाल्या.

"आई."

"काय गं?"

"मला आजोबांसारखं उठव."

"बरं."

"विचारू न" आणि उरलेलं वाक्य संत्र्याच्या वासात गेलं.

बाहेर बाकावर बसून वाट बघण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ज्यांनी बघितली त्यांना माहीत आहे. ज्यांनी नाही, त्यांच्यावर ती वेळ न येवो. नवऱ्याने दोन विनोद सांगितले, तिसरा अर्ध्यावर सोडला.

मग सिस्टरने बोलावलं. एकटीला.

*

पडदा अर्धा.

एकच दिवा, तोही भिंतीकडे वळवलेला. बाकीचे पलंग रिकामे. डॉक्टर डोक्याशी उभ्या, ओठांवर बोट. भिंगरी एका कुशीवर. डाव्या डोळ्याची पापणी सुजलेली, तिच्यावर मलम. श्वास

श्वास चालू होता. आई स्टुलावर बसली, लेकीला दिसेल अशी. हात मांडीखाली घेतले, म्हणजे ते आपणहून पुढे जाणार नाहीत. एक केस भिंगरीच्या गालाला चिकटला होता. तो काढावासा वाटला. काढला नाही.

खट्.

सिस्टरने खाली पाहिलं. पलंगाच्या चाकाला पायाने दाबायचा ब्रेक होता, आणि आईचा पाय कसा कोण जाणे बरोबर त्याच्यावर जाऊन बसला होता.

"ताई, लावलाय तो," सिस्टर कुजबुजली. "कुठे जात नाही गाडी."

वाट बघितली.

पापणी हलली. थांबली. हात चादरीवर काहीतरी शोधू लागला, आणि भुवया जवळ आल्या, तशा मागच्या वेळीही आल्या असतील. एक बारीक आवाज निघाला. आईच्या तोंडात सगळी वाक्यं एकदम गोळा झाली. भिंगरे. बाळा. बघ. मी आहे. ओळख ना. ओळख ना मला एकदा, फक्त

ती सगळी तिथेच ठेवून, चादरीवर फिरणाऱ्या त्या हातात तिने आपल्या डोळ्यांवरचा चष्मा काढून दिला.

हात थांबला. बोटांनी काड्या चाचपल्या. भुवया सुटल्या. डोळे उघडले, डावा लालबुंद, दोन्ही पाण्याने भरलेले, आणि त्यांना समोर जे दिसलं असेल ते नुसतं धुकं असेल. अर्धा पडदा. शेजारी बसलेलं कुणीतरी. हातात चष्मा.

भिंगरीने नीट विचार करून ठरवलं, सकाळ झालीय.

"आजोबा," ती जड जिभेने म्हणाली. "मी भिंगरी. तुमची नात."

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं.

इथे आईला एक शब्द बोलता आला असता. अगं, मी आई. दीड वर्ष ती याच क्षणासाठी थांबली होती, की या वेळी लेक डोळे उघडेल आणि आपल्याला आई म्हणेल. आणि लेकीने डोळे उघडले होते, ती शांत होती, कुणालातरी धीर देत होती. फक्त माणूस चुकलं होतं.

"घाई नाही," भिंगरी पुढे म्हणाली. तिला उत्तराची सवय होती. ती वाट बघत होती.

"बरं झालं, आलात," आई म्हणाली. "बसा."

भिंगरीने समाधानाने डोळे मिटले. काम झालं होतं.

सिस्टर तोंडावर हात ठेवून पडद्याकडे वळली. डॉक्टर वाकून आईच्या कानाशी म्हणाल्या, "सत्तर टक्के परत घेतलीय. उरलेली येईल तशी." आणि आईच्या लक्षात आलं, की आपण खूश आहोत. रडायला हवं होतं असं वाटत होतं, पण नाही, नुसती खूश. आप्पा रोज सकाळी हे ऐकतात तेव्हा त्यांना कसं वाटत असेल ते तिला पहिल्यांदाच कळलं. समोरचं माणूस कोण आहे ते माहीत असण्याची गरज नसते. ते आलंय, बसलंय आणि त्याला घाई नाही, एवढं पुरतं.

मध्ये काही वेळ गेला. भिंगरी झोपली, कुशीवरून पाठीवर झाली, एकदा कुरकुरली आणि पुन्हा निवांत पडली. खोलीत पंखा फिरत होता.

खट्.

"आई," पलंगावरून आवाज आला, डोळे मिटलेलेच. "ब्रेक सोड. पलंग हलतोय."

*

दुसऱ्या दिवशी टोस्टचं झालं ते आधी सांगितलंच आहे.

आप्पा खिडकीपाशी बसले होते. भिंगरी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, सुजलेला डोळा घेऊन, आणि रीतीप्रमाणे आधी नाव सांगितलं, मग नातं.

"आणि मी परत दिली," ती म्हणाली.

"काय?"

"उसनी घेतलेली."

"वा," आप्पा म्हणाले. "व्यवहार चोख पाहिजे." मग त्यांनी तिची हनुवटी दोन बोटांनी उचलली, उजेडाकडे वळवली आणि दुकानातल्या नजरेने दोन्ही डोळे पाहिले, एक, मग दुसरा, मग दोन्ही मिळून. "काम कुणी केलं हे? एका रेषेत आलंय. सूज उतरू द्या."

"टाळ्या!" बाबा स्वयंपाकघरातून ओरडले.

आई चहा घेऊन आली. तिचा चष्मा नाकावर तिरका बसत होता, कारण काल एका झोपाळू मुठीने त्याची एक काडी वाकवली होती. आप्पांनी कप घेतला नाही. त्यांनी हात पुढे केला, तिचा चष्मा काढून घेतला, काडी अंगठ्यात धरून जराशी दाबली, उजेडात धरली, पुन्हा किंचित दाबली आणि स्वतःच्या हाताने परत तिच्या कानांवर बसवला.

"बघा आता," ते म्हणाले. "दिसतंय का नीट?"

"दिसतंय," आई म्हणाली.

"मग झालं तर. बसा. घाई नाही ना?"